नोंदणीच्या देशाबाहेर व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांच्या कायदेशीर जबाबदाऱ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशात पहिला ग्राहक, पहिला कर्मचारी किंवा पहिले कार्यालय मिळालेल्या कंपन्यांकडून पुढील प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कंपनी कायदा, करकायदा, कामगार कायदा आणि न्यायालये या सगळ्यांचा मूळ प्रश्न एकच असतो : ही कंपनी आमच्याकडे आली आहे का? मात्र प्रत्येकाची कसोटी निराळी असते. एका कायद्यापुरते ‘नाही’ असे उत्तर मिळाले की बाकीच्यांपासूनही सुटका झाली असे समजणे, ही या विषयातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

आमचे तिथे कार्यालय नाही, गोदामही नाही. तरी तिथला कायदा आम्हाला लागू होऊ शकतो का?

होय, आणि ही गोष्ट इंटरनेटच्या फार आधीपासूनची आहे. इंटरनॅशनल शू ही अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातून कारभार पाहणारी पादत्राणांची कंपनी होती. वॉशिंग्टन राज्यात तिचे कार्यालय नव्हते, मालाचा साठाही नव्हता. होते ते अकरा ते तेरा विक्री प्रतिनिधी. त्यांच्याजवळ नमुन्यादाखल जोडातला एकेकच बूट दिलेला असे. ते कधी हॉटेलात, कधी एखाद्या इमारतीत तात्पुरती खोली भाड्याने घेऊन नमुने मांडत, मागणी लिहून घेत आणि सेंट लुईसला पाठवत. ती स्वीकारायची की नाही हे तिथे ठरे. राज्याने बेरोजगारी निधीची वर्गणी मागितली तेव्हा ‘आम्ही तुमच्या राज्यात नाहीच’ असे कंपनीचे म्हणणे होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४५ मध्ये ते फेटाळले. राज्यातल्या नियमित व्यवहाराचा लाभ घेणाऱ्या कंपनीवर त्या व्यवहारातून उद्भवलेल्या देण्यासाठी तिथे दावा चालू शकतो, असे न्यायालयाने ठरवले.

आज त्या एका बुटाच्या जागी संकेतस्थळ, ॲप किंवा दूरवरून काम करणारा कर्मचारी आला आहे, पण विचार करण्याची पद्धत तीच राहिली आहे. कंपनी स्वतःला काय म्हणवते यापेक्षा ती तिथे प्रत्यक्ष काय करते, किती सातत्याने करते आणि कोणाच्या मार्फत करते, हे पाहिले जाते.

परदेशी कंपनी म्हणून नोंदणी केव्हा करावी लागते?

बहुतेक कायद्यांत ‘तिथे व्यवसायाचे ठिकाण असणे’ किंवा ‘तिथे व्यवसाय करणे’ ही कसोटी असते आणि तिची नेमकी व्याख्या क्वचितच दिलेली असते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी उलट्या बाजूने मार्ग काढला आहे. कोणत्या गोष्टींना व्यवसाय करणे म्हणायचे नाही, याची यादी ते देतात : खटला चालवणे, संचालकांची बैठक घेणे, बँकेत खाते ठेवणे, स्वतंत्र मध्यस्थामार्फत विक्री करणे, किंवा ३० दिवसांच्या आत पुरा होणारा एखादाच सुटा व्यवहार. लक्षात घ्या, अमेरिकेत एका राज्यात स्थापन झालेली कंपनी शेजारच्या राज्यातही ‘परदेशी’च मानली जाते, त्यामुळे देशाची सीमा ओलांडली नाही म्हणून नोंदणीचा प्रश्न येत नाही, असे तिथे म्हणता येत नाही.

ब्रिटनमध्ये आस्थापना उघडल्यापासून एका महिन्याच्या आत नोंदणीची कागदपत्रे दाखल करावी लागतात. भारताच्या कंपनी कायदा, २०१३ मध्ये ही मुदत व्यवसायाचे ठिकाण स्थापन केल्यापासून ३० दिवसांची आहे, आणि तिथल्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक माध्यमातून चालणाऱ्या व्यवसायाचाही समावेश आहे. मुदत काम सुरू झाल्यापासून मोजली जाते. म्हणून करारावर सही केव्हा झाली, जागा केव्हा ताब्यात आली, पहिले बिल केव्हा काढले, या तारखा त्याच वेळी लिहून ठेवाव्यात. दोन वर्षांनी त्या आठवणीतून जुळवायला बसले की प्रत्येक विभाग वेगळी तारीख सांगतो.

नोंदणीसाठी कागदपत्रे जमवायला इतका वेळ का लागतो?

कारण परक्या देशातल्या अधिकाऱ्याला तुमच्या देशाचा शिक्का ओळखता येत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी १९६१ च्या हेग कराराने अपॉस्टिल हे प्रमाणपत्र आणले. कमीत कमी ९ सेंटिमीटर बाजूच्या चौकोनात क्रमांक घातलेल्या दहा नोंदी, त्यांत सही करणाऱ्याचे नाव व हुद्दा, तारीख आणि अनुक्रमांक, असे त्याचे ठरीव रूप असते. करारातल्या देशांत ते साधारणपणे चालते. चीनमध्ये हा करार नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडात जानेवारी २०२४ पासून लागू आहे. मात्र अपॉस्टिल फक्त सही आणि शिक्का खरा असल्याचे सांगते. मजकुराची खात्री ते देत नाही आणि भाषांतरही करत नाही. अधिकृत भाषांतर वेगळे लागते. काही कार्यालये आणि बँका ठरावीक दिवसांपेक्षा जुने प्रमाणपत्र घेत नाहीत. म्हणून आधी समोरच्या कार्यालयाला काय हवे ते लेखी विचारावे आणि मगच नोटरीकडे जावे.

नोंदणी न करताच काम सुरू केले तर काय होते?

सहसा केलेले करार रद्द होत नाहीत. तिथेच अनेकांची फसगत होते, कारण काम सुरळीत चाललेले दिसते. अडचण उभी राहते ती ग्राहकाने पैसे बुडवल्यावर. बऱ्याच अधिकारक्षेत्रांत नोंदणी नसलेल्या परदेशी कंपनीला आपल्या येणे रकमेसाठी तिथल्या न्यायालयात दावा लावता येत नाही, मात्र तिच्यावर दावा लावता येतो. आधी मागील काळाचे शुल्क आणि दंड भरून नोंदणी करायची आणि मग दाव्याकडे वळायचे. तोवर दावा लावण्याची कायदेशीर मुदत थांबून राहीलच असे नाही. काही ठिकाणी कंपनीबरोबर जबाबदार अधिकाऱ्यांनाही दंड होतो.

नोंदणीकृत एजंट किंवा स्थानिक पत्ता ही निव्वळ औपचारिकता आहे का?

मुळीच नाही. आमच्या मते परदेशातल्या सगळ्या जबाबदाऱ्यांत ही सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वाधिक दुर्लक्षही हिच्याकडेच होते. एजंटाचे काम एकच : न्यायालयाचे समन्स आणि सरकारी नोटिसा कंपनीच्या वतीने घेणे आणि त्या योग्य माणसापर्यंत पोहोचवणे.

हे कसे बिघडते ते पाहा. कंपनीत बदल होतो, परदेशी कामकाज पाहणारा अधिकारी नोकरी सोडतो आणि एजंटाच्या वार्षिक शुल्काचे बिल त्याच्या बंद पडलेल्या ईमेलवर जात राहते. शुल्क न मिळाल्याने एजंट राजीनामा देतो. पुढे एखादा पुरवठादार दावा लावतो तेव्हा समन्स कायद्याने ठरवून दिलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे जाते, आणि तिथून दप्तरी असलेल्या जुन्याच पत्त्यावर रवाना होते. ठरलेल्या दिवसांत कोणी हजर राहत नाही आणि कंपनीविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा होतो. कंपनीला पहिली बातमी लागते ती बँकेतले खाते गोठवल्यावर. असा हुकूमनामा रद्द करून घेता येतो, पण त्यासाठी गैरहजेरीला सबळ कारण दाखवावे लागते, आणि ‘आमचा माणूस नोकरी सोडून गेला’ हे कारण न्यायालयांना सहसा पटत नाही. एजंटाकडे व्यक्तीचा पत्ता न देता विभागाचा सामायिक पत्ता द्यावा, आणि तो चालू आहे का हे वर्षातून दोनदा पत्र पाठवून तपासावे.

नोंदणी केल्याने उलट आमच्यावर दावे लावणे सोपे होते का?

काही ठिकाणी होय, आणि ही शंका रास्त आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डाइमलर प्रकरणात २०१४ मध्ये म्हटले की कोणत्याही कारणासाठीचा दावा कंपनीवर साधारणपणे तिच्या ‘घरी’च, म्हणजे ती जिथे स्थापन झाली किंवा जिथे तिचे मुख्य ठिकाण आहे तिथेच, लावता येतो. परंतु जून २०२३ मध्ये मॅलरी प्रकरणात त्याच न्यायालयाने पेन्सिल्व्हेनियाचा एक कायदा वैध ठरवला. त्यानुसार राज्यात नोंदणी केलेल्या परदेशी कंपनीने तिथल्या न्यायालयांचे सर्वसाधारण अधिकारक्षेत्र, म्हणजे कोणत्याही कारणासाठीचा दावा ऐकण्याचा अधिकार, मान्य केले असे धरले जाते. त्या प्रकरणातली रेल्वे कंपनी व्हर्जिनियाची होती, कर्मचारी व्हर्जिनियात राहणारा होता आणि त्याने कंपनीचे काम केले ते ओहायो आणि व्हर्जिनियात. तरी दावा पेन्सिल्व्हेनियात चालू शकतो असे ठरले.

यावरून नोंदणी टाळावी असा निष्कर्ष काढू नये; न केलेल्या नोंदणीचे तोटे वर आलेच आहेत. नोंदणीच्या अर्जावर सही करण्यापूर्वी त्या सहीने आपण कशाला संमती देतो, ते मात्र जरूर वाचावे.

शाखा उघडावी की उपकंपनी?

शाखा ही मूळ कंपनीच असते. तिचे कर्ज, तिचे खटले, तिचे दंड थेट मुख्य कंपनीचे असतात, आणि अनेक देशांत शाखेबरोबर मुख्य कंपनीचे ताळेबंदही सार्वजनिक करावे लागतात. उपकंपनी ही स्थानिक कायद्याखालील स्वतंत्र व्यक्ती असते, म्हणून जोखीम तिच्यापुरती मर्यादित राहू शकते.

‘राहू शकते’ असे आम्ही मुद्दाम लिहिले आहे. झांबियातल्या चिंगोला भागात एनचांगा तांब्याच्या खाणीतून पाणी दूषित झाल्याची तक्रार घेऊन १,८२६ गावकऱ्यांनी स्थानिक खाण कंपनीबरोबरच तिच्या ब्रिटनमधल्या पालक कंपनीवर, वेदांतावर, लंडनमध्ये दावा लावला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो चालू दिला. पालक कंपनीने गटभराच्या पर्यावरण धोरणाची आणि देखरेखीची जबाबदारी आपण घेतो असे स्वतःच्या अहवालांत जाहीर केले होते; अशा वेळी तिच्यावर काळजी घेण्याचे कर्तव्य येऊ शकते, असा त्यामागचा विचार होता. कागदावर वेगळी असलेली कंपनी दैनंदिन निर्णयांतही वेगळी असावी लागते. आणि मुख्यालयाने जी देखरेख जाहीर केली आहे ती खरोखर करावी लागते. गावकऱ्यांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न असतो तेव्हा यापेक्षा कमी अपेक्षा ठेवताही येणार नाही.

परदेशात प्राप्तिकर केव्हा भरावा लागतो?

दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारांत या प्रश्नाचा गाभा ‘स्थायी आस्थापना’ या कल्पनेत आहे. हिशेबनीस तिला सरसकट ‘पीई’ (पर्मनंट एस्टॅब्लिशमेंट) म्हणतात. व्यवसायाचे कायम ठिकाण असेल तर त्या ठिकाणाला लागू पडणाऱ्या नफ्यावर तो देश कर लावू शकतो. बांधकाम प्रकल्पासाठी ओईसीडीच्या (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या) नमुना करारात १२ महिन्यांहून अधिक काळ ही कसोटी आहे, तर संयुक्त राष्ट्रांच्या नमुन्यात ६ महिन्यांहून अधिक. प्रत्यक्षात दोन देशांमधला करार काय म्हणतो तेच अखेर मोजायचे. साठवणूक, प्रदर्शन किंवा माहिती गोळा करणे अशी केवळ पूर्वतयारीची किंवा साहाय्यक कामे सहसा वगळलेली असतात, आणि निव्वळ उपकंपनी आहे म्हणून पालक कंपनीची स्थायी आस्थापना होत नाही.

खरी गुंतागुंत माणसांमुळे होते. पूर्वी अनेक कंपन्या परदेशातल्या प्रतिनिधीला सहीचा अधिकार देत नसत आणि सही मुख्यालयात होते, सबब आस्थापना नाही, असा युक्तिवाद करत. २०१७ मध्ये ओईसीडीने नमुना करार बदलला. प्रतिनिधी नेहमी करार घडवून आणण्यात मुख्य भूमिका बजावत असेल आणि मुख्यालय ते करार ठळक बदल न करता मंजूर करत असेल, तर आता तेवढेही पुरते. करार तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे सहीचे पान असतेच, पण त्याचे लक्ष त्याआधीच्या पत्रव्यवहारावर असते. प्रतिनिधीने ग्राहकाला ‘दर ठरला, माल पुढच्या महिन्यात येईल, कागद उद्या मुख्यालयातून सही होऊन येतील’ असे लिहिले असेल, त्याच्या व्हिजिटिंग कार्डवर ‘देशप्रमुख’ असा हुद्दा असेल आणि मुख्यालयाने आजवर एकही करार परत पाठवला नसेल, तर मुख्यालयातली सही म्हणजे शिक्का मारण्यापलीकडे काय होते, असा प्रश्न विचारला जातो आणि त्याला उत्तर देणे कठीण होते.

देशादेशांतले सर्व करकरार हा बदल स्वीकारून बसलेले नाहीत. म्हणूनच प्रत्येक देशाचा करार स्वतंत्र वाचणे याला पर्याय नाही.

आम्ही फक्त ऑनलाइन विक्री करतो. मग विक्रीवरच्या कराचे काय?

प्राप्तिकराचे ‘नाही’ इथे उपयोगी पडत नाही. अमेरिकेत २०१८ पर्यंत राज्यात प्रत्यक्ष अस्तित्व नसलेल्या विक्रेत्याला विक्रीकर गोळा करायला लावता येत नव्हते. सर्वोच्च न्यायालयातल्या वेफेअर प्रकरणाने ते बदलले. त्यातल्या साउथ डकोटाच्या कायद्यात वर्षाला १,००,००० डॉलरची विक्री किंवा २०० व्यवहार अशी मर्यादा होती. नंतर विक्रीकर असलेल्या राज्यांनी आपापल्या मर्यादा ठरवल्या आणि काहींनी व्यवहारांची मोजणी पुढे काढून टाकली.

युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून सीमापार विक्रीसाठी १०,००० युरोंची वार्षिक मर्यादा आहे. मात्र ही सवलत संघातल्या एकाच देशात आस्थापना असलेल्या छोट्या विक्रेत्यांसाठी आहे. संघाबाहेरची कंपनी तिथल्या ग्राहकांना डिजिटल सेवा विकत असेल तर तिचे दायित्व पहिल्या विक्रीपासून सुरू होते. दिलासा एवढाच की ‘वन स्टॉप शॉप’ या व्यवस्थेमुळे एकाच देशात नोंदणी करून सर्व सदस्य देशांचा व्हॅट एका विवरणपत्रात भरता येतो.

परदेशात एकच कर्मचारी आहे आणि तो घरून काम करतो. त्याच्या करारात आमच्याच देशाचा कायदा लिहिला तर चालेल का?

लिहिता येईल, पण त्याने फारसे काही साधणार नाही. युरोपीय संघाच्या रोम-१ नियमावलीनुसार करारात कोणताही कायदा निवडला तरी कर्मचारी जिथे नेहमी काम करतो तिथल्या सक्तीच्या संरक्षणापासून त्याला वंचित ठेवता येत नाही. किमान वेतन, कामाचे तास, रजा आणि नोकरीवरून काढण्याची पद्धत यांबाबत जगभर साधारण हीच दिशा दिसते. शिवाय सामाजिक सुरक्षेची वर्गणी, वेतनातून करकपात आणि अपघात विम्याची तरतूद ही मालकाची वेगळी कर्तव्ये असतात.

तात्पुरते पाठवलेल्या कर्मचाऱ्यासाठी सवलती आहेत. युरोपीय संघात ए-१ प्रमाणपत्र घेतल्यास साधारण २४ महिन्यांपर्यंत वर्गणी मूळ देशातच भरता येते. तरीही यजमान देशातले वेतनाचे नियम १९९६ च्या निर्देशापासून अशा कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत. कर्मचाऱ्याला ‘स्वतंत्र सल्लागार’ म्हणून नेमून यातून सुटता येईल का, असे हमखास विचारले जाते. तो एकाच कंपनीचे, तिच्या वेळापत्रकानुसार, तिच्याच साधनांनी काम करत असेल तर न्यायालय त्याला कर्मचारीच ठरवील. आणि तसे ठरणे योग्यही आहे. हुद्द्याचे नाव बदलल्याने त्याच्या आजारपणाची किंवा म्हातारपणाची तरतूद होत नाही.

व्यापारी करारात तरी आपल्या पसंतीचा कायदा निवडता येतो ना?

बऱ्याच अंशी येतो, पण दोन ठिकाणी सावध राहावे. पहिले, मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीसाठी व्हिएन्ना करार १९८० मध्ये झाला आणि १९८८ पासून लागू आहे. दोन्ही पक्ष सदस्य देशांतले असतील आणि करारात स्पष्टपणे वगळला नसेल, तर तो आपोआप लागू होतो. ‘अमुक देशाचा कायदा लागू राहील’ एवढ्याने तो वगळला जात नाही, कारण तो त्या देशाच्या कायद्याचाच भाग असतो. ब्रिटन आणि भारत त्यात सहभागी नाहीत.

दुसरे, विक्री एजंट. युरोपीय संघाच्या १९८६ च्या निर्देशाने व्यापारी एजंटांना करार संपल्यावर मोबदल्याचा हक्क दिला. कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने ब्रिटनमधल्या इंगमार या एजंटाशी केलेल्या करारात कॅलिफोर्नियाचा कायदा लागू राहील असे लिहिले होते. युरोपीय न्यायालयाने २००० मध्ये निर्णय दिला की एजंट संघाच्या क्षेत्रात काम करत असेल तर अशा कलमाने त्याचा हा हक्क काढून घेता येत नाही. ब्रिटन तेव्हा संघात होता. वितरक नेमताना दराची घासाघीस आठवडाभर चालते आणि करार संपवण्याचे कलम मात्र जुन्या मसुद्यातून उचलले जाते. आम्हाला वारंवार दिसणारा हा क्रम उलटा व्हायला हवा.

वाद झालाच तर न्यायालय बरे की लवाद?

सीमापार व्यापारी वादांसाठी आम्ही बहुतेक वेळा लवाद सुचवतो, आणि कारण व्यावहारिक आहे. १९५८ च्या न्यूयॉर्क कराराचे १७० हून अधिक देश सदस्य आहेत, त्यामुळे निवाड्याची अंमलबजावणी मालमत्ता असेल त्या देशात करून घेता येते. न्यायालयीन निकालांसाठी इतके विस्तृत जाळे अजून नाही. २०१९ चा हेग करार सप्टेंबर २०२३ मध्ये युरोपीय संघ आणि युक्रेन यांच्यात लागू झाला, ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून. ही सुरुवात आहे. परदेशी न्यायालयाचे समन्स आले तर मात्र ‘त्या निकालाची इथे अंमलबजावणी होणार नाही’ या भरवशावर ते बाजूला टाकू नये. उद्या कंपनीची मालमत्ता कुठे असेल हे आज कोणाला सांगता येते?

स्थानिक मध्यस्थाने लाच दिली तर दोष आमचा कसा?

मध्यस्थाला पैसे तुम्ही देता, काम तुमचे होते, आणि ते कसे झाले हे विचारण्याची जबाबदारी तुमचीच होती, म्हणून. अमेरिकेने १९७७ मध्ये परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्ध कायदा केला. तिथल्या शेअर बाजारात नोंद असलेल्या परदेशी कंपन्यांनाही तो लागू होतो. सीमेन्स ही जर्मन कंपनी, तरी न्यूयॉर्कच्या बाजारात नोंद असल्याने २००८ मध्ये तिला अमेरिकी यंत्रणांना ८० कोटी डॉलर द्यावे लागले. जर्मनीतले दंड निराळे.

ब्रिटनचा २०१० चा कायदा आणखी पुढे जातो. ब्रिटनमध्ये व्यवसायाचा काही भाग जरी चालत असला तरी, जगात कुठेही कंपनीसाठी काम करणाऱ्याने तिच्या फायद्यासाठी दिलेली लाच रोखण्यात कंपनी अपयशी ठरली, हाच गुन्हा होतो. बचाव एकच : लाच रोखण्याची पुरेशी व्यवस्था आधीपासून होती हे सिद्ध करणे. फाईल लवकर हलावी म्हणून दिल्या जाणाऱ्या किरकोळ रकमांना अमेरिकी कायद्यात मर्यादित अपवाद आहे, ब्रिटनच्या कायद्यात नाही. म्हणून गटाचे धोरण सर्वांत कडक कायद्याला धरून लिहावे. मध्यस्थाचे कमिशन कामाच्या मानाने अवाच्या सवा असेल, किंवा तो तिसऱ्याच देशातल्या खात्यात पैसे मागत असेल, तर करार थांबवून चौकशी करावी.

आमच्या देशाने निर्बंध लादलेले नाहीत. तरी दुसऱ्या देशाचे निर्बंध पाळावे लागतात का?

व्यवहारात त्या देशाचे चलन, बँक, तंत्रज्ञान किंवा नागरिक गुंतले असतील तर पाळावे लागू शकतात. बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेने सुदान, इराण आणि क्यूबाशी निगडित डॉलरचे व्यवहार अमेरिकी बँकिंग व्यवस्थेतून नेले, आणि २०१४ मध्ये तिला जवळजवळ ९ अब्ज डॉलर भरावे लागले. उलट बाजूने, युरोपीय संघाचा १९९६ चा प्रतिरोधक नियम काही अमेरिकी निर्बंध पाळण्यास संघातल्या कंपन्यांना मनाई करतो. दोन कायदे परस्परविरुद्ध आज्ञा देतात तेव्हा स्वतःच्या बुद्धीने मधला मार्ग काढू नये. दोन्हीकडच्या वकिलांचे लेखी मत आणि शक्य तिथे अधिकृत परवाना घ्यावा.

ग्राहकांची वैयक्तिक माहिती आमच्याच देशातल्या सर्व्हरवर असते. मग युरोपचा जीडीपीआर आम्हाला का लागावा?

मे २०१८ पासून लागू असलेला युरोपीय संघाचा हा माहिती-संरक्षण कायदा सर्व्हरची जागा पाहत नाही. संघात असलेल्या व्यक्तींना वस्तू किंवा सेवा देऊ करणे, किंवा त्यांच्या वर्तनावर नजर ठेवणे, एवढे पुरते. संकेतस्थळ तिथून उघडता येते एवढ्याने तो लागत नाही. पण तिथल्या चलनात दर दाखवणे किंवा तिथे घरपोच माल देण्याची सोय करणे हे हेतूचे पुरावे ठरतात. अशा कंपनीला सहसा संघात लेखी प्रतिनिधी नेमावा लागतो. दंडाची कमाल मर्यादा २ कोटी युरो किंवा जगभरातल्या वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यांपैकी जी जास्त असेल ती.

पुरवठादारांच्या कारखान्यांत काय चालते याला आम्ही जबाबदार आहोत का?

कायद्याचा कल स्पष्टपणे तिकडे आहे. बांगलादेशातली राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि १,१०० हून अधिक माणसे मरण पावली. तिथे शिवलेले कपडे दूरदेशीच्या दुकानांत जात होते. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्याने ३.६ कोटी पौंड किंवा अधिक उलाढालीच्या कंपन्यांना आधुनिक गुलामगिरीबाबत वार्षिक निवेदन सक्तीचे केले, आणि ब्रिटनमध्ये व्यवसाय करणाऱ्या परदेशी कंपन्याही त्यात येतात. फ्रान्सने २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांवर दक्षतेचे कर्तव्य घातले. जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा २०२३ मध्ये तिथे किमान ३,००० कर्मचारी असलेल्या कंपन्यांपासून सुरू झाला आणि पुढल्या वर्षी ही संख्या १,००० वर आली. छोट्या पुरवठादारांना हे कायदे थेट लागू नसले तरी मोठ्या खरेदीदाराच्या प्रश्नावलीतून ते त्यांच्यापर्यंत पोहोचतातच. अशी प्रश्नावली खरी भरावी. आपत्कालीन दार कुलूपबंद असताना ‘होय, मार्ग मोकळा आहे’ या रकान्यात खूण करणारा माणूस आत काम करणाऱ्यांचा जीव पणाला लावतो.

त्या देशातला व्यवसाय बंद केला की जबाबदाऱ्याही संपतात का?

कुलूप लावल्याने संपत नाहीत. नोंदणी रीतसर मागे घेईपर्यंत वार्षिक विवरणपत्रे आणि किमान शुल्के चालूच राहतात. आधी कर्मचाऱ्यांची देणी आणि नोटीस काळ, मग करांची शेवटची विवरणपत्रे आणि देय नसल्याचा दाखला, मग नोंदणी रद्द करण्याचा अर्ज, आणि बँक खाते सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा. खाते आधी बंद केले की कराचा परतावा घ्यायला आणि शेवटचे शुल्क भरायला जागा उरत नाही. हिशेबाची कागदपत्रे कायद्याने ठरवलेल्या वर्षांपर्यंत जपून ठेवावी लागतात आणि तोवर ती मागितली जाऊ शकतात.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत माघारीच्या अर्जात आणखी एक कलम असते. एजंट गेल्यानंतरही, राज्यात असताना केलेल्या व्यवहारांबाबतचे समन्स राज्याचा अधिकारी कंपनीच्या वतीने स्वीकारील आणि अर्जात दिलेल्या पत्त्यावर पाठवील, असे त्यात लिहिलेले असते. तो पत्ता पुढे बदलला तर त्या कार्यालयाला कळवण्याची हमीही कंपनीने त्याच अर्जात दिलेली असते.